सोने पुरले

आमच्या अंधेरीच्या चाळीतले बाबूराव टिपणीस कुठलाही कागद वाचण्याआधी हुंगत. लग्नपत्रिका दिली तरी नाकाला लावून म्हणत, "गेल्या वर्षीचा कागद. मुलीचं एकदा मोडलेलं दिसतंय." पत्रिका देणारा पाणीसुद्धा न पिता निघून जाई.

सरकारी दफ्तरखान्यात मोडी कागद वाचणं ही त्यांची नोकरी आणि "कागद खोटं बोलत नाही" हे त्यांचं पालुपद. घरात बायको नाही, मूल नाही.

एका शनिवारी ते माझ्या खोलीत घुसले आणि त्यांनी दाराला कडी घातली.

"वाच!"

जमिनीच्या एका जुन्या अर्जाला जोडलेल्या नकाशाची ती नक्कल होती. वर्सोव्याच्या वाटेवरची विहीर, चिंच, चिंचेखाली फुली आणि बाजूला मोडीत एक ओळ. मला ती मुंग्यांची मिरवणूक वाटली.

"गाढवा, 'येथे सोने पुरले'! जन्मभर दुसऱ्यांचे वारसे लावले रे. हा एक कागद माझ्यासाठी निघालाय."

रविवारी सकाळी आम्ही चिंचेखाली हजर. खणायला मी, हुंगायला ते. प्रत्येक ढेकूळ नाकाशी नेऊन म्हणत, "आलं, आलं!"

कमरेइतक्या खड्ड्यात आलं ते एक शिंग. मग हाडं. मग गंजलेल्या साखळीतली पितळी घंटा.

"बाबूराव, हे सोनं चारा खात होतं."

त्यांनी नक्कल पुन्हा डोळ्यांशी धरली. घाईच्या मोडीत मात्रा आणि वेलांटी एकमेकींच्या गळ्यात पडतात. मग एकेका अक्षरावर बोट फिरवलं.

"'सोने पुरले' नाही रे. 'सोनी पुरली'. अर्ज करणाऱ्याची गाय होती."

मी पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. धोतराच्या सोग्यानं त्यांनी घंटा पुसली, होती तिथे ठेवली आणि स्वतःच्या हातांनी माती लोटली.

परतताना निम्म्या वाटेवर म्हणाले, "गाईसाठी नकाशा काढला बघ त्यानं. कुणी पाय देऊ नये म्हणून. आमचा कोण काढणार?"

"मी काढीन की!"

"तू? तुझं अक्षर बघितलंय. लोक मलाच सोनं समजून उकरतील!"

आता मात्र दोघेही हसलो. विषय संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाबूराव कोरी वही घेऊन उभे होते. पहिल्या पानावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात कित्ता घातलेला होता.

"रोज एक पान गिरव," ते म्हणाले. "घाई नाही."