कपाटातली शांतता

माझा आवाज चांगला आहे, हे माझे वैयक्तिक मत नसून आमच्या कार्यालयाने मान्य केलेली वस्तुस्थिती आहे. ध्वनिक्षेपक बंद पडला की साहेब मलाच हाका मारायला उभे करतात. त्यामुळे एका कंपनीला 'हौशी पण भारदस्त आवाज' हवा असल्याचे वाचले आणि मी कामाला लागलो. रविवारपर्यंत नमुना पाठवायचा होता. अट एकच: आवाजाच्या आधी खोलीतली नुसती शांतता ध्वनिमुद्रित करून जोडावी, म्हणजे मागची खरखर काढून टाकता येते. घरात माझे कुणी ऐकत नाही. कुठेतरी कुणीतरी ऐकेल, या आशेने मला ते काम अगदी मनापासून हवे होते.

आवाज घुमू नये म्हणून कपड्यांचे कपाट उत्तम, असे जाणकार सांगतात. मी कप्पे काढले, घरातल्या यच्चयावत गाद्या आणि रजया आत कोंबल्या, मायक्रोफोन टांगला आणि स्टुलावर बसून दार लावून घेतले.

"अहो, गाद्या कपाटात आणि माणसं फरशीवर?" बाहेरून बायको.

"कलेसाठी झळ सोसावी लागते."

"मग कलाकाराने सोसावी. बाबांची कंबर कशाला?"

पुढचा टप्पा घरात शांतता प्रस्थापित करण्याचा. फ्रिज घरघरतो म्हणून बंद केला, तर दूध नासले. पंखा बंद केला, तर बाबा घामाघूम होऊन सुस्कारे टाकू लागले आणि तेच मुद्रित झाले. सुस्काऱ्यांवर तात्पुरती बंदी घालावी लागली.

"लहानपणी तुला गप्प बसवायला मी जंग जंग पछाडलं," बाबा म्हणाले. "त्याचा सूड उगवतोयस होय रे?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोके पाडू लागले. मी इमारतीच्या अध्यक्षांकडे गेलो.

"शांतता ही सामाईक मालमत्ता आहे, गच्चीसारखी," ते गंभीरपणे म्हणाले. "एकट्याला कशी देणार? रीतसर उपसमिती नेमू."

शांतता उपसमितीची बैठक आमच्याच दिवाणखान्यात भरली, कारण इमारतीत सर्वांत कमी आवाज तिथे होता. एका गटाला शांतता तातडीने हवी होती, दुसऱ्याला टप्प्याटप्प्याने. दोन्ही गटांनी टेबल बडवून आपापली बाजू मांडली. निर्णयाची घोषणा जिन्यात कर्णा लावून झाली. शिवाय रखवालदाराने घरोघरी बेल वाजवून "शांतता आहे ना?" असे विचारावे, असेही ठरले.

रविवार उजाडला तरी आवाज थांबेनात. तेव्हा आवाजाचे मूळ कारण माणूसच आहे, असा निष्कर्ष काढून समितीने सगळ्या रहिवाशांना खाली पार्किंगमध्ये उभे केले. तिथे गप्पा रंगल्या. मी खिडकीतून ओरडून ओरडून एकेकाला गप्प केले. शेवटी सगळे चिडीचूप झाले. मी कपाटात शिरलो, शांतता मुद्रित केली, आणि बोलायला तोंड उघडले तर आवाजच फुटेना. घसा पार बसला होता. मला अक्षरशः रडू आले. मुदत संपत होती, म्हणून नुसती शांतताच पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला.

"अभिनंदन! तुमची निवड झाली. आवाज काय हो, पैशाला पासरी मिळतात. पण ही शांतता! कुणीतरी अगदी कान देऊन ऐकतंय असं वाटतं."

"म्हणजे तुम्ही बोलला नाहीत म्हणून तुम्हाला घेतलं?" बायको म्हणाली. "मला विचारायचंत, मी केव्हाच सांगितलं असतं."

ती शांतता आता तक्रार निवारण केंद्राच्या फोनवर वापरतात. परवा तुम्हीच नाही का फोन लावला होता? 'आमचे अधिकारी आपले म्हणणे ऐकत आहेत' असे सांगितल्यावर पलीकडे कसे छान शांत झाले. नळाला पाणी कधीपासून नाही, ते तुम्ही पहिल्यापासून सांगितलेत. मध्ये आवाज चढवलात, मग जरा वरमलात. पलीकडे आमचे कपाट होते. फोन ठेवताना तुम्ही त्याला म्हणालात, "थँक यू हं. निदान ऐकून तरी घेतलंत."