शपथेचा नारळ

"ह्या खेपेक तूय नको, मीय नको," गुणाजी म्हणाले. "फिट्टंफाट."

वनमालाबाईंनी मान डोलावली आणि दोघांनी देव्हाऱ्यातल्या नारळावर हात ठेवला. मतदानाला न जाण्याची शपथ होती ती. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. एवढ्या काळात लोकसभेच्या जितक्या निवडणुका आल्या, त्या प्रत्येकीत गुणाजींनी एका चिन्हाला मत दिलं आणि वनमालाबाईंनी नेमकं समोरच्याला. दोन मतं एकमेकांना खाऊन टाकायची. मग मे महिन्याच्या उन्हात जायचं तरी कशाला?

पण मतदानाच्या सोमवारी सकाळी अंधेरीच्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बहाव्याचं पिवळं ऊन आत आलं आणि वनमालाबाई सत्त्याहत्तर सालात जाऊन बसल्या. तेव्हाचं घर म्हणजे पार्ल्याची चाळ, लग्नातली जांभळी साडी, शाळेच्या वर्गातला खडूचा वास, कागदावर मारलेला शिक्का. बाहेर नवा नवरा विचारत होता, "कोणाक दिलंस?" त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते तिसऱ्या दिवशी, भांडणात. निदान एकदा तरी आपलं मत कोणी न खोडता राहावं, असं त्यांना फार वाटलं.

"बांगडे घेऊन येतंय," म्हणत गुणाजी पिशवी घेऊन उतरले. जिन्यातली पावलं विरल्यावर वनमालाबाईंनी देव्हाऱ्यातला नारळ उचलला आणि फोडला. नारळच राहिला नाही तर शपथ राहणार कुठे? खोबरं खवून कालवणाच्या वाटपाला ठेवलं आणि त्या शेजारच्या शाळेत जाऊन बटण दाबून आल्या.

बोटावरची शाई दिसली ती घरी आल्यावर. लिंबू झालं, चिंच झाली. शाई जास्तच खुलली. शेवटी त्यांनी बोटाला पट्टी बांधली.

गुणाजी परतले अडीच तासांनी. बांगड्यांचे डोळे लाल झाले होते आणि त्यांच्या बोटाला रुमाल गुंडाळलेला होता.

"काय झालं?"

"मासेवालीची सुरी लागली. आणि तुका?"

"खवणी."

कालवण झालं, पानं घेतली, तोच सून मानसी ड्यूटीवरून आली. ती नर्स. तिने बोटांचं विचारलं, दोघांनी तीच कारणं सांगितली.

"गंजकी खवणी? आणि बाजारातली सुरी? वाट लागेल, आई. दोघांनाही धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लागणार. चला, हात पुढे करा."

"बरा झाला गो आता," गुणाजी म्हणाले.

"दोन तासांत?"

पट्टी सुटली, रुमाल सुटला. ताटांच्या मधोमध दोन काळ्या रेघा शेजारी शेजारी आल्या.

"नारळावर हात ठेवलेलास," गुणाजी म्हणाले.

"तुम्ही काय पाय ठेवलेलात?"

"मगे नारळ खंय?"

वनमालाबाईंनी त्यांच्या वाटीतल्या कालवणाकडे बोट दाखवलं. शाईचंच. गुणाजींनी वाटीत पाहिलं आणि भुरका मारला.

"म्हणजे पुन्हा फिट्टंफाट," वनमालाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले.

मानसीने विचारलं, "बाबा, मत द्यायला तुम्ही गेलात कुठे?"

"पार्ल्याक. माझा नाव थंयच आसा. ता मी सोडूचंय नाय."

"आणि आईंचं अंधेरीत. अहो, हद्दी बदलून पंधरा वर्षं झाली. पार्लं उत्तर मध्यमध्ये, अंधेरी उत्तर पश्चिममध्ये. खासदार वेगळे, उमेदवार वेगळे. नावं वाचता की नाही?"

दोघंही चिन्ह बघत. नावं कोण वाचतं?

"तुमची मतं एकमेकांना कधी भेटलीच नाहीत," मानसी म्हणाली.

म्हणजे हद्दी बदलल्यापासून, आजचं धरून, त्यांची चार मतं कोणी खोडली नव्हती. वनमालाबाईंना आनंद व्हायला हवा होता. पण बोलता बोलता शेजारचं माणूस केव्हाच उठून गेलं होतं आणि आपण मात्र बोलतच राहिलो, तसं काहीसं त्यांना वाटत राहिलं.

गुणाजींनी वाटी खाली ठेवली. "मानसी, नाव हलवूचो फॉर्म मिळता काय गो?"

"मिळतो. पण पार्लं सोडणार तुम्ही?"

"सोडूक होया," ते म्हणाले. "घरातला मत घरातच फिटाक होया."

वनमालाबाईंनी कालवणाचं भांडं पुढे ओढलं. आणि गुणाजींच्या वाटीत शपथेची आणखी एक पळी वाढली.