साळिंदराचा शिंपलगाव दौरा

एका जंगलात, ज्याच्या पायाशी समुद्र होता आणि डोक्यावर मोबाइलचा टॉवर, विश्राम नावाचं एक साळिंदर राहत होतं. हसू नका. साळिंदरालाही नाव असतं. तुम्हाला नाही का?

विश्रामचं गाव सुरूबंदर. गावाच्या टोकाला त्याचं बीळ, बिळापुढे अंगण, अंगणात फणस. बिळात तो आणि त्याची बायको यमू, असा दोघांचाच संसार. विश्राम स्वभावाने चांगला होता. व्यसन नाही, भांडण नाही. फक्त कुठलंही काम करायच्या आधी तो ते नीट ठरवायचा. ठरवता ठरवता संध्याकाळ व्हायची आणि मग काम दुसऱ्या दिवसावर जायचं.

किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला खूप खाली गेलं की शिंपलगाव लागायचं. तिथे यमूची थोरली बहीण राहायची, चंपाअक्का. आई लवकर गेली म्हणून अक्कानेच यमूला वाढवलं होतं. लग्न होऊन यमू सुरूबंदरला आली आणि मग माहेरी जायचं राहूनच गेलं. असं कसं राहतं, असं मला विचारू नका. घरी जाऊन आपल्या आईला विचारा.

एके दिवशी शिंपलगावकडून एक कुरव पक्षी उडत आला आणि फणसावर बसला. म्हणाला, "यमूबाय, अक्काचा निरोप आहे. तिचे डोळे चाललेत. म्हणाली, अजून थोडं दिसतंय तोवर येऊन जा. तुझं तोंड एकदा नीट बघू दे."

यमू विश्रामला म्हणाली, "अहो, आपण उद्याच निघू या."

"निघू या की," विश्राम म्हणाला. "पण असं उठून कसं निघायचं? एवढा लांबचा रस्ता आहे. जरा ठरवू या."

त्याने आपल्या दोन मित्रांना बोलावलं. एक बाबल रानडुक्कर. त्याच्याकडे जुनी जीप होती. दुसरा भास्कर कोल्हा. त्याच्याकडे मोबाइल होता. जीप आणि मोबाइल असल्यावर आणखी काय लागतं? पण थांबा, घाई करू नका. त्यांनीही केली नाही.

अंगणात यमूने शेणाने सारवलं. त्यावर विश्रामने रांगोळीने नकाशा काढला. वर सुरूबंदर, खाली शिंपलगाव, डाव्या हाताला निळ्या रंगाचा समुद्र. मधून पांढरी रेघ, म्हणजे रस्ता. नकाशा इतका सुंदर झाला की तिघांनी त्याच्यासोबत फोटो काढला. भास्करने 'चलो शिंपलगाव' नावाचा ग्रुप केला आणि तो फोटो त्यावर टाकला. ग्रुपमध्ये तिघंच होते आणि तिघंही फोटोत होते. तरी प्रत्येकाने 'वा, मस्त' असं लिहिलं.

मग बाबल रेघेकडे बघून जरा गंभीर झाला.

"हा रस्ता खाडीच्या पुलावरून जातो," तो म्हणाला. "पुलाशी आमची आत्या राहते."

"मग काय झालं?" यमूने विचारलं.

"वहिनी, आत्याकडे गेलं की ती जेवल्याशिवाय सोडत नाही. जेवण झालं की म्हणते, जरा आडवे व्हा. आडवे झालो की चहा. चहा घेतला की म्हणते, आता राहाच."

"मग थांबू नका. सरळ पुढे जाऊ."

तिघांनी यमूकडे असं बघितलं, की जणू तिने आत्याला खाडीत ढकलायला सांगितलं होतं.

"दारावरून जायचं आणि आत जायचं नाही?" विश्राम म्हणाला. "अगं, लोक काय म्हणतील?"

"आत्या दिवसभर पडवीत आमसुलं वाळवत बसलेली असते," बाबल म्हणाला. "माझी जीप ती आवाजावरून ओळखते. मरेपर्यंत बोलून दाखवेल."

भास्करने त्याहून मोठी अडचण काढली. पुलाच्या पुढे त्याची सासुरवाडी होती. आत्याकडे जेवण आणि सासूबाईंकडे नुसता चहा, हे सासूबाईंना कळलं असतं तर भास्करची धडगत नव्हती. आणि सासूबाईंकडे जेवायचं तर आत्याकडे उपाशी राहायला हवं, जे आजवर कुणालाही जमलेलं नव्हतं.

विश्रामचा चुलतभाऊ तर आणखी पुढे, अगदी रस्त्याला लागून. त्याच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं. "गेलो तर आपण नमलो असं होईल," विश्राम म्हणाला. "आणि नाही गेलो तर म्हणेल, जीपमधून फिरतोय, माज आलाय."

मुलांनो, तुम्ही म्हणाल, एवढंच ना? तुम्ही लहान आहात. तुम्हाला अजून नातेवाईक ओळखायचे आहेत.

मग ठरलं की रस्ता जरा आत घ्यायचा. विश्रामने रेघ पुसली. यमूने पुन्हा सारवलं. रेघ आतून काढली, तर तिथे बाबलचे व्याही निघाले. आणखी आत घेतली, तर भास्करची एक मावशी निघाली, तिला तो स्वतःच विसरला होता. यमू सारवत होती, विश्राम रेघ काढत होता आणि प्रत्येक वेळी कुणीतरी एक काका, मामा, साडू रेघेवर येऊन बसत होता. शेवटी रेघ डोंगराला लागली, घाट चढली, घाटावरच्या उजाड माळावरून लांबलचक गेली आणि मग दुसऱ्या घाटाने उतरून थेट शिंपलगावात आली.

"झकास," भास्कर म्हणाला. "या रस्त्यावर आपलं कुणीही नाही."

यमूने नकाशाकडे बघितलं. "पण मग वाटेत समुद्र कुठे दिसणार?"

"वहिनी, समुद्र इथे आहे. समुद्र तिथे आहे. मधे कशाला हवाय?"

यमूने हात धुतले आणि चहा टाकला.

आता दिवस ठरवायचा होता. समुद्रकाठी जायचं म्हणजे मासे खायचे, हे तर उघड आहे. पण भास्कर सोमवारी खात नसे. बाबलचा गुरुवार. विश्रामचा शनिवार. खरं तर साळिंदर कंदमुळं खातं, त्याला मासळीचं काय? पण वडील पाळायचे म्हणून विश्रामही पाळायचा. त्यात चतुर्थी आली, एकादशी आली, मग बाबलच्या घरी कुणाचं तरी श्राद्ध निघालं. प्रवासाला एक दिवस लागला असता. पण सगळे मासे खाऊ शकतील असे सलग दिवस पंचांगात सापडेनात.

मुक्कामाचं तर विचारूच नका. भास्कर रोज मोबाइलवर शिंपलगावच्या हॉटेलांबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवायचा. एका हरणाने लिहिलं होतं, खोली छान, पण लाटांचा आवाज फार, एक तारा. एका माकडाने लिहिलं होतं, झाडं चांगली, पण जिना नाही, दोन तारे.

"पण आपल्याला हॉटेल कशाला?" यमू म्हणाली. "अक्काचं घर आहे ना."

"अगं, असू दे. पर्याय हाताशी असावा," विश्राम म्हणाला.

असे दिवस गेले. सुरूबंदरात आता सगळ्यांना कळलं होतं की विश्राम मोठ्या प्रवासाची तयारी करतोय. ससे नकाशा बघायला यायचे. घोरपड येऊन घाटाबद्दल बोलून जायची, जी कधी घाट चढली नव्हती. विश्राम प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचा. सांगताना तो इतका रंगायचा, की ऐकणाऱ्याला वाटायचं, हा आत्ताच जाऊन आलाय.

आणि मग तो कुरव पुन्हा आला. या वेळी तो फणसावर बसलाही नाही, खाली यमूजवळ उतरला.

"अक्का म्हणते, आता माड कुठला आणि सुरू कुठला ते कळत नाही. माणसं आवाजावरून ओळखते. यायचं असेल तर लवकर ये, असं म्हणाली. आणि म्हणाली, जमत नसेल तर राहू दे, रागावणार नाही."

ते शेवटचं ऐकून यमूला रडू आलं. ती अंगणात, नकाशाच्या बाजूला बसून रडली. तिच्या डोळ्यांतलं पाणी घाटावर पडलं आणि माळ थोडा भिजला.

विश्राम कळवळला. चांगला होता हो तो, मी आधीच सांगितलंय. तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "रडू नकोस. फक्त दुसऱ्या घाटाचं नक्की व्हायचंय. तेवढं झालं की निघालोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी यमूने अंगण सारवलं नाही. तिने ओल्या काजूंची एक पुडी बांधली, कारण अक्काला ते आवडायचे. चालत नाक्यावर गेली आणि शिंपलगावच्या बसमध्ये चढली.

काय म्हणालात? बस होती?

होती ना. रोज होती. सुरूबंदरहून सकाळी सुटायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने थेट शिंपलगावला जायची. मी इतका वेळ सांगितलं नाही, कारण त्या तिघांनाही ते सुचलं नव्हतं. ज्याच्या मित्राकडे जीप असते त्याला बस दिसत नाही.

कंडक्टर बगळा होता. "कुठे?" त्याने विचारलं.

"शिंपलगाव."

"बसा खिडकीशी. उजवीकडे बसा, समुद्र दिसेल."

आणि समुद्र दिसला. खूप दिसला. यमूने इतक्या वर्षांत तो सुरूबंदरच्या किनाऱ्यावरून दिसतो त्याहून मोठा पाहिलाच नव्हता. खाडीच्या पुलाशी बस थांबली, तर पडवीतून बाबलची आत्या उठून खिडकीशी आली.

"कुणाची गं तू?"

"सुरूबंदरच्या विश्रामची यमू. अक्काला बघायला चाललेय."

"मग आता उतरू नकोस, तिच्याकडे जा आधी," आत्या म्हणाली आणि तिने मूठभर आमसुलं खिडकीतून आत दिली. "येताना ये जेवायला."

बस सुटली. आत्या पुन्हा पडवीत जाऊन बसली. तिला कसलाही राग आलेला नव्हता.

अक्का अंगणात उन्हात बसली होती. यमूने हाक मारली तेव्हा तिने मान वळवली, पण भलत्याच बाजूला. यमू तिच्या अगदी पुढे जाऊन बसली. अक्काने तिचं तोंड दोन्ही पंजांत धरलं, जवळ ओढलं, उजेडाकडे वळवलं, आणि बराच वेळ बघत राहिली.

"दिसतंय का गं?" यमूने विचारलं.

"थांब जरा, बोलू नकोस," अक्का म्हणाली. "वाळलीयस. कपाळावरचे काटे पांढरे झाले तुझे. पण तूच आहेस."

दोघी रडल्या आणि मग दोघी हसल्या. यमू तिथे राहिली. अक्का तिला रोज सकाळी उन्हात बसवायची आणि बघायची. असं करता करता एका सकाळी अक्का म्हणाली, "आज काही दिसत नाही बघ. पण चालेल. तुला बघून झालंय माझं."

यमू परत आली तेव्हा तिघं अंगणातच होते.

"कुठे होतीस गं?" विश्राम म्हणाला. "मला वाटलं शेजारी गेलीस. आम्हाला दोन-तीनदा चहाची अडचण झाली."

"शिंपलगावला गेले होते. अक्काला भेटून आले."

भास्करने विचारलं, "कुठला घाट धरलात?"

"घाट नाही. बस धरली."

तिघांचेही चेहरे पडले. बाबल जमिनीकडे बघत राहिला. भास्कर समजुतीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण याला प्रवास नाही म्हणत. हे नुसतं पोचणं झालं."

यमूने वाईट वाटून घेतलं नाही. तिने आमसुलं बाबलच्या हातात दिली आणि आत गेली.

पुढे काय झालं, तेही ऐका. विश्रामच्या नकाशाची कीर्ती जंगलभर झाली होती. कुणालाही कुठेही जायचं असलं की तो विश्रामकडे सल्ला घ्यायला यायचा आणि सल्ला ऐकून घरी जायचा. जंगल सुधार मंडळाने मोठी सभा भरवली. विश्रामला शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि 'सागरी मार्ग: माझे अनुभव' या विषयावर त्याचं भाषण ठेवलं. भाषण फार गाजलं. घाटाच्या वर्णनाला तर काही जणांना घेरी आली.

शेवटी एका सशाने प्रश्न विचारला, "साहेब, सुरूबंदर सोडल्यावर समुद्र पहिल्यांदा कुठे दिसतो?"

विश्रामने पहिल्या रांगेत बसलेल्या यमूकडे बघितलं.

"नाक्याच्या पुढे वळण आहे ना, तिथे. उजव्या हाताला," यमू हळूच म्हणाली.

"नाक्याच्या पुढच्या वळणावर, उजव्या हाताला," विश्रामने माइकमध्ये सांगितलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग यमूलाही व्यासपीठावर बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, यांनी घर सांभाळलं म्हणूनच विश्रामराव इतक्या दूरचा विचार करू शकले. यमूला एक फूल दिलं. ते तिने पदरात ठेवलं, पुढच्या बसने अक्काकडे न्यायला. अक्काला आता दिसत नव्हतं, पण वास येत होता.

तात्पर्य: मुलांनो, लांबच्या प्रवासाला कधीही निघू नये, त्याचं नियोजन करावं. जो निघतो त्याला काय मिळतं? त्याला कुणीतरी डोळे भरून बघतं, एवढंच, आणि त्याचं प्रमाणपत्रही देत नाही. नियोजन करणाऱ्याला शाल मिळते, आणि शाल पांघरून बसलेल्याला, तुम्ही खरंच गेला होतात का, असं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.