अस्सल गाडीचा पाढा

चाळीस वर्षं मी पोरांना गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं म्हणून कुणाला लगेच शाबासकी दिली नाही. आधी विचारायचो, "कशावरून?" हा त्रिकोण काटकोनी, कशावरून? ही संख्या नऊने भागते, कशावरून? अशा माणसाला एका जुन्या मोटारीचं मूळ शोधून काढणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. तसं मी बायकोला छाती फुगवून सांगितलंही.

"आठ दिवस पुरेत," मी म्हणालो.

"आठवा दिवस रविवार आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी एक तर तुमचा तो कागद येईल, नाही तर भंगारवाला येईल. जो येईल त्याला मी चहा देईन."

तिचंही चुकत नव्हतं. घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी वीस वर्षं बसून होती आणि बायकोची शिलाईची दोन यंत्रं वीस वर्षं स्वयंपाकघरात. गेल्याच महिन्यात माझ्या ताटात एक बटण निघालं. मी तक्रार केली तर म्हणाली, "तुमच्याच सदऱ्याचं आहे, जपून ठेवा."

पण गाडी अण्णांची होती. अण्णा म्हणजे आमचे वडील. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, स्वतःच्या नावावर एक वीतसुद्धा नाही. भाड्याचं घर, दारावर घरमालकाची पाटी. ऐट केली ती एकच, ही दोन दारांची हिरवी मोटार. जुन्या गाड्या जपणारी एक संस्था आहे. तिने गाडी अस्सल ठरवली, तर ती त्यांच्या दालनात कायमची उभी राहणार होती आणि खाली पितळी पाटीवर पहिल्या मालकाचं नाव कोरलं जाणार होतं. अण्णांच्या नावाची पहिली पाटी! ती लागलेली मला बघायची होती, बस्स.

अडचण एकच होती. मी नऊ वर्षांचा असताना अण्णांनी गाडी एका फोटोग्राफरला विकली. नंतर पुष्कळ वर्षांनी, अण्णा गेल्यावर, माझ्या थोरल्या भावाला एका मेस्त्रीच्या आवारात तोच नंबर दिसला. दादाने गाडी ओढत घरी आणली. नंबर तोच, रंग तोच. मग गाडी तीच, यात शोधायचं काय?

संस्थेच्या अर्जावर पहिलाच प्रश्न होता : "गाडी तीच, कशावरून?"

माझीच छडी माझ्या पाठीवर.

पण माझ्याकडे फौज होती. संध्याकाळी पाच पोरं माझ्याकडे गणिताला येतात. त्यांची सेनापती म्हणजे माझी नात, वय वर्षं आठ. बाहेरच्या खोलीतल्या फळ्यावर वरच्या बाजूला माझं एक वाक्य कायम लिहिलेलं असतं : "चूक करा, पण लपवू नका." ते पुसायची कुणाला परवानगी नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून तर ही कथा.

सोमवारी मी पोरांना गाडीखाली घातलं. सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरावर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, की नंबर उमटतो. अण्णांचं विक्रीचं पत्र माझ्याकडे होतं, त्यात दोन्ही नंबर होते, सांगाड्याचा आणि इंजिनाचा. ताळा करून मोकळं व्हायचं.

"आजोबा, पहिले दोन आकडे आले," गाडीखालून नात ओरडली.

"छान. पुढचे?"

"पुढे भोक आहे."

गंजाने चार आकडे खाल्ले होते. उरलेले दोन जुळत होते, पण दोन आकड्यांवर तर माझं आणि शेजाऱ्याचं वयही जुळतं. मग इंजिनाचा नंबर घासला. तो स्वच्छ आला, सहाच्या सहा आकडे. त्यातला एकही पत्राशी जुळेना.

"गुरुजी, म्हणजे उत्तर चुकलं?" फौजेतल्या सगळ्यात धाकट्याने विचारलं.

"उत्तर नाही चुकलं. उदाहरण अवघड आहे," मी म्हणालो. पोरं काळी होऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी तीन आया कपडे घेऊन माझ्या दारात आल्या. पैकी दोघींची त्या शाळेत असताना मी खरडपट्टी काढली होती. त्यांनी ती सव्याज परत केली.

बुधवारी मी मेस्त्रीकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, पण हात अजून ग्रीसमध्ये. मी गाडीचं नाव काढताच त्याचा चेहरा उजळला.

"हिरवी ना? फोटोग्राफरची? माझ्या हातचं सगळ्यात सुंदर काम."

"म्हणजे दुरुस्ती केलीत?"

"दुरुस्ती कसली! त्याच्याकडे दोन हिरव्या गाड्या होत्या. अगदी जुळ्या बहिणी. दोन्ही अर्ध्या मेलेल्या. मी दोन्हींतलं चांगलं चांगलं घेतलं आणि एक केली. इंजिन एकीचं, दारं दुसरीची, चाकं जी गोल होती ती."

जवळ एक टायर होता, त्यावर बसलो.

"आणि सांगाडा? सांगाडा कुणाचा?"

"तुमचा असेल किंवा दुसरा असेल," मेस्त्री शांतपणे म्हणाला. "सांगाडा ज्याचा, गाडी त्याची. ती संस्थासुद्धा तेवढंच बघते. बाकी सगळं बदललं तरी चालतं. पण पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट ती. काही खूण नाही का तुमच्याकडे? एखादा पोचा, एखादा ओरखडा?"

"नाही," मी म्हणालो.

इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी मेस्त्रीला सांगितली नाही, बायकोला नाही, साठ-पासष्ट वर्षं कुणालाच नाही. खूण होती.

गाडी नवीकोरी आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मागच्या बाकावर माझी जागा डावीकडे. एके दुपारी दादाच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन मी खिडकीखालच्या पत्र्यावर, आतल्या बाजूने, सातचा पाढा कोरला. तो पत्रा सांगाड्याला सांधलेला, सुटा होत नाही. पाढा मला नुकताच येऊ लागला होता आणि माझा आनंद मावत नव्हता. संध्याकाळी अण्णांनी तो पाहिला. कर्कटक सापडलं दादाच्या खिशात, कारण मी ते तिथेच परत ठेवलं होतं. दादाला दोन छड्या बसल्या. वर वर्षभर रोज झोपायच्या आधी सातचा पाढा म्हणायची शिक्षा. छड्या कोरल्याबद्दल होत्या. पाढ्याची शिक्षा होती ती पाढा चुकल्याबद्दल.

होय, चुकला होता. सात आठे चौपन्न.

दादाने वर्षभर पाढा म्हटला, शेजारच्या अंथरुणात मी तो ऐकला, आणि माझं गणित पक्कं झालं. पुढे मी गणिताचा शिक्षक झालो. दादाबद्दल मात्र घरात कायमचं ठरून गेलं, की याचं गणित कच्चं. त्याला सुतारकामाला घातलं. तो उत्तम सुतार झाला, हे वेगळं. आणि पाढा? मेस्त्रीकडून परतल्यावर मी हळूच बघून आलो, जागच्या जागी होता.

आता सांगा, ही खूण मी कशी दाखवणार? पाच पोरांपुढे, बायकोपुढे, दादापुढे? फळ्यावर ते वाक्य लिहिणाऱ्या हाताने?

मी ठरवलं, दुसरा पुरावा शोधायचा. गुरुवारी जुने फोटो धुंडाळले. एकात गाडी होती, पण समोर आत्या उभी होती आणि आत्या रुंद होती. शुक्रवारी दादाचा निरोप आला, की रविवारी मीही येतो. शनिवारी दुपारी बायको बाहेर गेल्यावर मी तिच्या चिंध्यांच्या पेटीतून जाड राखाडी कापड काढलं आणि खिडकीखालच्या पत्र्यावर खळीने नीट चिकटवून टाकलं. वरून थोडी धूळ फुंकली. माझं मलाच कौतुक वाटलं. उजवीकडे तसंच कापड लावायला हवं, हे मात्र मला सुचलं नाही. मी गणिताचा माणूस. सममिती मी चाळीस वर्षं शिकवली आहे.

रविवारी सकाळी परीक्षक बाई आल्या. सडपातळ, चष्म्याला दोरी, हातात विजेरी आणि एक छोटं लोहचुंबक. नमस्कार झाल्यावर त्यांनी ते चुंबक गाडीवर ठेवायला सुरुवात केली. जिथे पत्रा तिथे ते चिकटे, जिथे भोकं बुजवायला लांबीची पुट्टी भरलेली तिथे टपकन खाली पडे. ते फार वेळा पडलं. पोरं धावत जाऊन उचलून देत होती आणि मोठ्याने मोजत होती.

"गुरुजी, अकरा!"

"मोजायला कुणी सांगितलं?" मी दातओठ खात म्हणालो.

"तुम्हीच. जे दिसेल ते मोजा म्हणता ना?"

दादा दाराशी स्टुलावर बसला होता. बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. चहा कुणासाठी ते अजून ठरायचं होतं. बाई वाकून मागच्या बाकावर शिरल्या. विजेरी उजवीकडे फिरली, डावीकडे फिरली आणि थांबली.

"हे कापड एकाच बाजूला का?"

"उन्हासाठी असेल," मी म्हणालो.

"गाडी शेडमध्ये आहे ना?" बाईंनी बोट लावलं. बोटाला खळ लागली. "आणि हे कालचं आहे. गुरुजी, गाड्यांत बनवाबनवी करणारे लोक नंबर असाच झाकतात. इथे काय लपवलंय हे कळल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. नाही कळलं, तर अर्ज इथेच नामंजूर करते."

बाहेर बायको पुढे आली. तिने आत डोकावून कापड पाहिलं.

"अहो, हा तर माझ्या कोटाच्या अस्तराचा तुकडा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्यात माझी नात, माझी सेनापती, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आजोबा, लपवलं असेल तर सांगा. तुम्ही रागावत नाही ना कुणाला? आधी सांगितलं तर?"

हे वाक्य मी तिला किमान दोनशे वेळा ऐकवलं होतं. चांगली विद्यार्थिनी मिळणं हेसुद्धा नशिबाचे भोग असतात.

मी कापड ओढलं. विजेरीच्या उजेडात पाढा झळकला. पासष्ट वर्षांत एक रेघ पुसली नव्हती. दोन मालक, एक मेस्त्री, कुणालाही आतून रंग द्यायची बुद्धी झाली नव्हती. पोरांनी खिडकीत डोकी घातली आणि एका सुरात वाचायला लागली. एकोणपन्नासपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग सूर फाटला.

"चौपन्न?"

"पुढे एकसष्ट. मग अडुसष्ट."

"पुढची बेरीज बरोबर आहे," मी पुटपुटलो. सवय हो.

"हे कुणी लिहिलं?" बाईंनी वही उघडली. "मूळ मालकाच्या घरातलं कुणी असेल, तर सांगाडा सिद्ध होतो. पण खात्री हवी."

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी धाकटा बोलला.

"हा गुरुजींचा चार आहे. बघा ना, याला शेपूट आहे. उंदरासारखी."

पोरांनी चार मोजले. चौदातला, बेचाळीसमधला, एकोणपन्नासातला, चौपन्नातला. सगळ्यांना शेपटी. नात पळत जाऊन बाहेरच्या खोलीतला फळा घेऊनच आली. त्यावर माझ्या हातची कालची वजाबाकी होती. त्यातल्या चारांनाही शेपटी. पोरांना नीट निरीक्षण करायला मीच शिकवलं होतं.

मी दादाकडे पाहिलं. तो स्टुलावरून उठला, सावकाश आला, वाकून पत्र्याकडे बघितलं.

"दादा, मी..."

"मला माहीत होतं रे," तो म्हणाला. "मला तेव्हाच सातचा पाढा येत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तू आज सांगशील, उद्या सांगशील." तो हसला. "वर्षभर रोज तुझ्याकडे तोंड करून पाढा म्हणत होतो. आठव्या ओळीला थांबून. तुला वाटलं, मी अडखळतोय."

बायकोने ट्रे खाली ठेवला आणि पहिला कप दादाला दिला. मग बाईंना. मला दिला नाही.

परीक्षक बाईंनी माझ्याकडून लेखी कबुली घेतली. "मी, निवृत्त गणित शिक्षक, असे लिहून देतो की सात आठे चौपन्न हे मी स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय, कोरले आहे." साक्षीदार म्हणून पाच पोरांनी सह्या केल्या. दोघांनी माझ्या शुद्धलेखनाच्या चुका... नाही, तो विषय माझा नाही, जाऊ दे.

महिन्याभराने प्रमाणपत्र आलं. इंजिन : दुसऱ्या गाडीचे. दारे : दुसऱ्या गाडीची. चाके : अनिश्चित. रंग : नवा. डावीकडचा मागचा पत्रा, पाढ्यासह : अस्सल. म्हणून गाडी अस्सल. दालनात ती आता उभी आहे. खाली पितळी पाटीवर अण्णांचं नाव आहे, ठळक, छान. मी त्यावरून दोनदा हात फिरवला. पण बघायला येणारे लोक पाटीपाशी थांबत नाहीत. संस्थेने मागच्या खिडकीत दिवा लावला आहे आणि सगळे तिथे वाकून हसत असतात. दादाही जातो, दर रविवारी. म्हणतो, वेळ चांगला जातो.

शेडमध्ये आता बायकोची यंत्रं चालतात. माझ्या ताटात बटणं येत नाहीत. फळ्यावरचं वाक्यही तसंच आहे. पुसायचा विचार केला होता, पण नातीने हातातून डस्टर काढून घेतलं.

काल मी नेहमीप्रमाणे पाढे घेत होतो. धाकट्याला उभं केलं.

"सात आठे किती?"

तो विचारात पडला. मग अगदी मनापासून, मला मदत व्हावी म्हणून त्याने विचारलं, "गुरुजी, बरोबर सांगू की अस्सल?"