टाकी ओसंडल्याचं कारण

“या खेपेला ते क्रियापद खिशात घालूनच परीक्षेला जाणार,” मोठ्या कारकुनांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं. बायकोने मान हलवली. कौतुकाने नव्हे, सवयीने.

झाल्या गोष्टीचं कारण कुणाच्या तरी नावे लावणारं ते क्रियापद होतं ‘अ‍ॅट्रिब्यूट’. पाणीपुरवठा कचेरीत हेडक्लार्क व्हायचं तर खात्याची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे, आणि या एका शब्दापाशी मोठे कारकून दोनदा आपटले होते. मेहुणी शाळेत इंग्रजी शिकवायची. त्यामुळे शिकवणी तिच्याकडे होती, आणि टोमणेही.

“साधं आहे, भावोजी. आधी जे झालं ते सांगायचं, मग हे क्रियापद, मग ‘टू’, आणि शेवटी ज्याच्यामुळे झालं ते. मागच्या वेळी तुम्ही पूर आला म्हणून पाऊस पाडलात.”

“आमच्याकडे दोन्ही एकाच दिवशी आले होते.”

“परीक्षकाकडे नव्हते आले. आज वीस वाक्यं लिहून आणा. पुस्तकातली नकोत. रोज दिसणारी माणसं घ्या, म्हणजे वाक्य वाट चुकणार नाही.”

कचेरीच्या तळमजल्यावर पंपघर होतं. पंप चालू असला की वरची फरशी झोपलेल्या मांजरासारखी गुरगुरायची. दुपारच्या सुट्टीत त्या गुरगुरीच्या तालावर मोठे कारकून लिहायला बसले. नजरेला जो पडेल तो वाक्यात. खिडकीतून मिस्त्री दिसले, झडपेला ग्रीस लावत होते. लगेच उतरलं: पूर्वेची टाकी ओसंडली, याचं कारण मिस्त्रींची दुपारची झोप. टाकी कधी ओसंडली नव्हती आणि मिस्त्री दुपारी कधी झोपले नव्हते. पण वाक्य असं देखणं झालं होतं, की पहिल्या नातवाकडे पाहावं तसं ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग एकामागून एक वाक्यं झरत गेली, सुपातून दाणे घरंगळावेत तशी; कचेरीच्या साहेबांची रिकामी खुर्चीसुद्धा सुटली नाही.

घात केला तो हाताने. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत तो हात कोऱ्या कागदावर नुसता टेकतच नसे. आधी तारीख, मग जावक क्रमांक, मग विषय, आणि तळाशी सही. आजही त्याने ते सगळं मुकाट्याने केलं होतं. विषय : कारणे.

मोठे कारकून हात धुऊन आले तर टेबल मोकळं.

“इथला कागद कुठे गेला?” त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या जावकबाईंना विचारलं.

“गेला.”

“कुठे?”

“कागद जातात तिथे. मुख्य कचेरीत. दोनच्या जीपने.”

“अहो, वाचायचा तरी!”

“मी वाचत बसले तर पाठवणार कोण?” जावकबाई म्हणाल्या. “नंबर पडला की कागद माझा. तुम्हीच शिकवलंत.”

मोठे कारकून खिडकीशी धावले, तर जीप फाटकाबाहेर पडलेली. मिस्त्री अकरा वर्षं हंगामी होते. त्यांना कायम करण्याची फाइल याच आठवड्यात मुख्य कचेरीत मोठ्या मॅडमच्या टेबलावर होती, आणि आता तिच्याच शेजारी हा कागद जाऊन बसणार होता.

ते जिना उतरून पंपघरात गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. “माझ्यावर लिहिलंत? इंग्रजीत?”

“हो.”

“त्यात काही चूक तरी आहे का?”

“इंग्रजीची एकही नाही.”

“म्हणजे खरं मानतील,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी फडकं खिशात कोंबलं. “दादा, माझ्या झोपेवर बायकोसुद्धा कधी बोलली नाही हो.”

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मोठे कारकून म्हणाले, “स्कूटर काढा.”

मुख्य कचेरीत मोठ्या मॅडम चष्मा सारून तोच कागद वाचत होत्या. दोघे दारात उभे राहिले. एकाच्या बोटांवर धुऊनही न गेलेली शाई, दुसऱ्याच्या नखांत पुसूनही उरलेलं ग्रीस.

“तुमच्या कचेरीकडून आजवर कारणं कधी आली नव्हती,” मॅडम म्हणाल्या. “टाकी कधी ओसंडली?”

“नाही ओसंडली, मॅडम.”

“आणि यांची झोप?”

“तीही नाही. परीक्षेचा सराव करत होतो. वाक्याला शेवटी कुणीतरी लागतं, हे समोर दिसले.”

“म्हणजे ही वाक्यं चूक आहेत?”

“वाक्यं बरोबर आहेत, मॅडम. मजकूर खोटा आहे.”

मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. “मग आता मजकूरही बरोबर असलेलं एक लिहा. इथेच.”

मोठ्या कारकुनांनी लिहिलं. अकरा वर्षं गावात उजाडायच्या आत नळाला पाणी आलं, याचं कारण हे मिस्त्री. ‘टू’ जागच्या जागी पडला. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी हलकेच विचारलं, “काय लिहिलंत?” मोठ्या कारकुनांनी मराठीत सांगितलं, तेव्हा मिस्त्री खिशातलं फडकं काढून आधीच पुसलेले हात पुन्हा पुसू लागले.

“हे फाइलला लावते,” मॅडम म्हणाल्या. “पण विसावं वाक्य राहिलं. कचेरीत शांतता असते, याचं कारण साहेबांची गैरहजेरी. हेही खोटंच ना?”

मोठ्या कारकुनांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“ते खरं आहे, मॅडम,” मिस्त्री म्हणाले. त्यांच्याच्याने खोटं बोलवत नव्हतं.

महिन्याभरात मिस्त्री कायम झाले. परीक्षेत त्या क्रियापदावर प्रश्नच आला नाही. मोठे कारकून दुसऱ्याच एका शब्दाला अडखळून पडले. आणि मॅडमची एक चिठ्ठी मिळाल्यापासून साहेब रोज दहाच्या ठोक्याला हजर होऊ लागले. हजेरी बघतात, कपाटं उघडायला लावतात, दुपारच्या सुट्टीतही टेबलांमधून फिरतात. जावकबाईंचा तर घासही धड घशाखाली उतरत नाही.

हे सगळं कुणामुळे झालं, ते कचेरीत जो तो मोठ्या कारकुनांना रोज ऐकवतो. त्यासाठी कुणालाही इंग्रजी लागत नाही.