ढगातला हत्ती

एका जंगलात हत्ती एकच होता. नीट लक्षात ठेवा, मुलांनो, कारण जंगलात हे एका कोल्ह्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

हत्ती राहायचा टेकडीवर, ढगात. ढगातून खाली चाळीस दोर लोंबायचे. कोल्होबा सांगायचा, "दोर ओढा, काम सांगा. अख्खा हत्ती तुमच्या एकट्याचा!" चाळीस जण भाळले. हत्ती दिसला की जो तो समजायचा, आपलाच. कोल्होबाचा अंदाज साधा होता: सगळे एकदम दोर थोडेच ओढणार?

एक दोर टिटवीचा. तिची चार अंडी नदीकाठी उघड्या वाळूत होती, आणि संध्याकाळी तिथे रानम्हशी पाण्यावर यायच्या. तिने सकाळीच दोर ओढला. "एक ओंडका आणून अंड्यांपुढे आडवा टाक रे बाबा!"

नेमकं त्याच दिवशी अस्वलाच्या पोरीचं लग्न. अस्वल पाण्याचे रांजण मागवतंय. माकड जंगलातली पानं मोजून घेतंय. कशाला? मोजून झाली की पुन्हा मोजायला!

हत्ती बिचारा न्यायी, सगळ्यांचं थोडं थोडं करायचा. ओंडका उचलला, एक पाऊल टाकलं, ओंडका ठेवला. दहा पानं मोजली. रांजण उचलला, एक पाऊल, ठेवला. पुन्हा ओंडका. "कुठवर आलो होतो बरं मी?" चालणं कमी, उचल-ठेवच जास्त.

दुपार टळली. ओंडका तेरा पावलं सरकला होता. टिटवी तणतणत ढगात शिरली. बघते तर एकच हत्ती, आणि त्याच्या डोक्यावर चाळीस दोरांच्या चाळीस घंटा, त्यातल्या तीन सारख्या खणखणताहेत!

"मेल्या कोल्ह्या, हाच का माझा अख्खा हत्ती?"

"अख्खाच आहे, ताई. कान मोजा, शेपटी बघा. वेग अख्खा देईन असं कधी म्हणालो?"

"त्या माकडाला तरी आवर!"

"छे छे! शेजारी काय करतो, ते आम्ही बघत नाही. खाजगी बाब."

एवढ्यात खाली धूळ उडाली. म्हशी! टिटवी सुसाट खाली आली आणि पुढच्या म्हशीच्या कानात अशी किंचाळली, अशी किंचाळली, की म्हशी उधळल्या त्या थेट अस्वलाच्या मांडवात. वऱ्हाड झाडावर चढलं. झाडावरचं माकड खाली पडलं आणि आकडा विसरलं. अस्वलाची आणि माकडाची, दोन्ही घंटा गप्प झाल्या.

आणि हत्ती? ओंडका घेऊन धावत आला की हो! क्षणात अंड्यांपुढे आडवा टाकला.

दुसऱ्या दिवशी टेकडीखाली पाटी लागली: 'टिटवीताईंनी अनुभवला, आमच्या हत्तीचा वेग!' शेजारी नवे चाळीस दोर.

तात्पर्य: हत्ती संथ वाटला तर कोल्ह्याशी भांडू नये. शेजाऱ्याच्या मांडवात म्हशी सोडाव्यात.