यादीत सगळ्यात शेवटी बुद्धिबळ

कोणाला आधी आत घ्यायचं आणि कोणाला बाकावर बसवायचं, यात थोरलीचा हात धरणारं कोणी नव्हतं. इस्पितळाच्या दाराशी वीस वर्षं तिने हेच केलं होतं. बाबांना जाऊन महिना झाल्यावर तिने त्यांचा लिनक्सचा कॉम्प्युटर उघडला. तीनशे अठरा अपडेट तुंबलेले दिसले, तरी ती डगमगली नाही. वही-पेन घेऊन बसली.

धाकट्याने फोनवर बजावलं, "ताई, बाबांचं सगळं त्यात आहे. काही उडवू नकोस."

"मी माणसं सांभाळते रे. हा तर डबा आहे."

आधी सुरक्षेचे अपडेट, मग सिस्टिमचा गाभा, ब्राउझर, छपाई. सगळ्यात खाली बुद्धिबळ, आणि त्याच्यापुढे चक्क कुलूप : हे अपडेट करू नये.

"गाभा उघडा आणि खेळाला कुलूप. शेवटी शेवटी बाबांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं."

"मग राहू दे ना ते."

"एकासाठी यादी अर्धवट ठेवू?"

महत्त्वाच्या फायलींची प्रत तिने आधीच काढली होती. बिलं, फोटो, पत्रं. खेळ अर्थातच वगळला होता. तिने कुलूप काढलं. तीनशे सतरा अपडेट निमूट बसले. शेवटच्याने तेवढं विचारलं, जुने डाव पुसले जातील, चालेल? तिने 'हो' दाबलं.

दुपारी आई चष्मा पुसत रोजच्यासारखी कॉम्प्युटरपुढे येऊन बसली. पटावर बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या जागच्या जागी उभ्या.

"आमचा डाव कुठे गेला?"

"कुठला डाव?"

"चाल त्यांची होती."

"आई, तुला बुद्धिबळ येतं?"

"कुलूप कोणी काढलं?"

"ते बाबांनी चुकून..."

"मी लावलं होतं. ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी. या घरात अपडेट कोण करायचं असं वाटलं तुला?"

आईला उठवून थोरली खुर्चीत बसली. तासभर धाकटा फोनवरून सांगत होता, ती बटणं दाबत होती. जुना खेळ परत आला. डाव आला नाही.

"कोण जिंकत होतं?" काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं.

"मी. दोन चालींत मात होती. म्हणून तर जरा पडतो म्हणाले आणि उठले."

थोरलीने एक प्यादं पुढे सरकवलं.

"तुला येतं खेळता?" आईने विचारलं.

"नाही."

"मग ऊठ तिथून."